उठाबशा आणि बैठका

गेल्या महिन्यात नात्यातल्या एका लग्नात पाटावरच्या पंगतीला बसायची हौस केली. बसले खरी, पण उठताना पंचाईत! डावा हात जमिनीवर, उजवा गुडघ्यावर, तरी उठता येईना. तेवढ्यात एका धिप्पाड माणसाने हात दिला. "बाई, ओळखलंत का? सातवी ब." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझ्या मांड्या तयार झाल्या त्या बाईंच्या उठाबशांमुळे!" सगळे हसले, मीही हसले. घरी आल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना.

मंडळी, कबूल करते, मी नोकरीभर उठाबशांची शिक्षा सर्रास दिली. गृहपाठ नाही, २५. वर्गात बडबड, ५०. एकदा तर १०० सुद्धा. आपण छडी मारत नाही याचा वर मला अभिमान!

आता गंमत बघा. तालमीतली बैठक म्हणजे जवळजवळ हीच हालचाल. तिथला पोरगा छाती काढून सांगतो, "आज तीनशे मारल्या." आमच्या वर्गात तेच पोरगं कान धरून, मान खाली घालून, चाळीस डोळ्यांसमोर तेच करायचं. एकीकडे मान, दुसरीकडे अपमान. मग शाळा सुटल्यावर आपणहून बैठका कोण मारणार?

आणि व्यायाम काही साधासुधा नाही. बैठकीत खाली जाताना टाचा उचलतात, गुडघे पंजाच्या पुढे जातात. गुडघा जितका पुढे, तितका भार मांडीच्या पुढच्या चार स्नायूंवर जास्त. जिना चढणं, खुर्चीतून उठणं, ठेच लागल्यावर तोल सावरणं, सगळं यांच्याच जिवावर. वय वाढतं तसे हे स्नायू झिजतात, पण काम दिलं तर सत्तरीतही बळ धरतात. ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ५१ ते ८० वयाच्या दोन हजारांवर माणसांना जमिनीवर बसून उठायला सांगितलं. १० पैकी गुण, हात किंवा गुडघा टेकला की दर वेळी एक गुण वजा. कमी गुणवाल्यांमध्ये पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त दिसलं. त्या पंगतीत माझे किती गुण गेले असते ते विचारू नका!

म्हणून मी सुरुवात केली, डॉक्टरांना गुडघे दाखवूनच. (गुडघा फार वाकवला की वाटीवर दाब वाढतो. दुखऱ्या गुडघ्याने हट्ट करू नये.) आधी हात न लावता खुर्चीतून उठणं. मग खिडकीचा गज धरून अर्धी बैठक. खरी मेख आहे ती सावकाशपणात. चार अंक मोजत खाली जायचं, क्षणभर थांबायचं, झोका न घेता वर यायचं. पाच झाल्या की मांड्या थरथरतात. वर्गातली पोरं उसळी घेऊन भराभर पन्नास उरकायची, त्यांचं लक्ष आकड्याकडे. कारण मी आकडाच मोजत होते ना!

एक दिवस त्या विद्यार्थ्याला फोन करून सांगितलं, "चुकलं रे माझं." तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बाई, ती शंभरची शिक्षा मलाच होती. दोन दिवस जिना उतरता येत नव्हता. घरी सांगितलं नाही, आणखी मार बसला असता."

सवय नसताना एकदम शेकड्यांनी बैठका काढल्या तर क्वचित स्नायू इतके तुटतात की त्यातलं द्रव्य रक्तात उतरतं, लघवी काळपट होते, मूत्रपिंडांना इजा होते. हे मला आत्ता वाचून कळलं. तेव्हा माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यावंसंही वाटलं नव्हतं.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घातली. मी त्याच वर्षी निवृत्त झाले. पण केवळ कायदा आहे म्हणून उठाबशा थांबवून भागणार नाही, असं माझं मत आहे. बैठक शिकवली पाहिजे. कवायतीच्या तासाला पाचच, पण सावकाश, नीट, आणि मास्तरांनी पोरांबरोबर स्वतः काढलेल्या. शिक्षा म्हणून मात्र एकही नको. ज्या व्यायामाची गरज शेवटपर्यंत पडते, त्याची लाज पोरांना आपणच लावायची, हे काही बरं नाही.

असो. सध्या माझ्या सलग आठ होतात. पुढच्या पंगतीत हात न टेकता उठायचा बेत आहे. तुमच्या किती होतात? आणि तुमच्यापैकी कोणी शिक्षक असाल, तर तुम्ही किती दिल्या होत्या?