ताण तुमचा, तास त्यांचे

जुलै २०२४मध्ये पुण्यात २६ वर्षांची एक चार्टर्ड अकाउंटंट गेली. नोकरीला लागून जेमतेम चार महिने झाले होते. कामाच्या ओझ्याने मुलगी गेली, असं आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलं. सप्टेंबरमध्ये ते पत्र देशभर फिरलं. कंपनीने आरोप नाकारला. मग कामगार खात्याचे अधिकारी त्या ऑफिसात गेले. तेव्हा कळलं, की २००७पासून चालणाऱ्या त्या ऑफिसची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नाही. तेव्हा दिवसाला नऊ तासांची मर्यादा घालणारा कायदा तो हाच होता.

त्याच महिन्यात अर्थमंत्री निर्मला सीतारामन म्हणाल्या, की ताण सोसण्याचं आत्मबळ मुलांना घरातून आणि कॉलेजातून मिळायला हवं. म्हणजे कमी पडली ती मुलगीच!

आपली ऑफिसंही हेच सांगतात. दुपारी ताणमुक्तीचा वेबिनार, रात्री अकराला क्लायंटचा कॉल. श्वास कसा घ्यायचा ते शिकवतील, घरी कधी जायचं ते विचारू नका.

पण हा मनाच्या कमकुवतपणाचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१मध्ये हिशेब मांडला: आठवड्याला ३५-४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ५५ किंवा जास्त तास करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त, हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्क्यांनी. प्राणायामाने हे तास कमी होत नाहीत.

यावर आपल्या राज्याने काय केलं? सप्टेंबर २०२५मध्ये मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा ऑफिसांसाठी नऊवरून दहा, कारखान्यांसाठी नऊवरून बारा तास करायला मंजुरी दिली. हिंजवडीतला इंजिनिअर आणि चाकणमधला कंत्राटी कामगार, दोघांना एकाच फटक्यात. ओव्हरटाइमला कामगाराची लेखी संमती लागेल म्हणे. प्रोबेशनवरच्या पोरीने 'नाही' लिहून दाखवावंच!

तुम्ही किती वाजता लॉगिन केलं, किती वाजता लॉगआउट, हे कंपनीला मिनिटामिनिटाला ठाऊक असतं. पगार कापायला ती नोंद चालते, मग कामगार खात्याने तपासायला का नको? दर तीन महिन्यांनी ती मागवा, मर्यादा मोडणाऱ्यांची नावं जाहीर करा.

रविवारची सुट्टीसुद्धा कुणी आत्मबळावर मिळवलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे आणि गिरणी कामगार वर्षानुवर्षं भांडले, तेव्हा १८९०मध्ये ती पदरात पडली. उद्याच्या रविवारी लॅपटॉप उघडण्याआधी एवढं आठवा.