मागत राहणं आणि सोडून देणं

घरात दीर्घ आजारपण असलं की भेटायला येणाऱ्या माणसांचे हळूहळू दोन गट पडतात. पहिला गट म्हणतो, "विश्वास ठेवून प्रार्थना करा, बरं वाटणारच." दुसरा गट म्हणतो, "देवाची इच्छा! आपल्या हातात काय आहे?" दोघंही मनापासून बोलतात. आणि दोघंही येताना केळी नाहीतर शहाळी घेऊन येतात (किडनीच्या पेशंटला दोन्ही वर्ज्य, पण ते असो).

माझे पप्पा गेली दोन वर्षं डायलिसिसवर आहेत. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास, दिवसाला मोजून पाणी. आईला मधुमेह आहे, त्यामुळे ती किडनी देऊ शकत नाही. तपासणीत माझ्याच किडनीत खडे निघाले, म्हणून मलाही नकार. आता नाव प्रतीक्षायादीत आहे. मी वसईचा, जन्माने कॅथलिक आणि बऱ्यापैकी आवडीनेही. तेव्हा प्रार्थनेबद्दल आपलं काही मत असणं मला आता टाळता येत नाही.

माझं मत थोडक्यात सांगतो. वर सांगितलेले दोन्ही गट एकाच प्रार्थनेचा एकेक तुकडा घेऊन फिरतायत. ख्रिस्ती परंपरेत हट्टाने मागत राहणं आणि देवाच्या इच्छेवर सोडून देणं ह्या दोन वेगळ्या प्रार्थना नाहीत. एकच आहे. एक भाग काढून घेतला की उरलेला बिघडतो.

आधी पहिल्या गटाकडे वळू. मुंबईत माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना चालते. सगळ्या धर्मांची माणसं येतात, ओळीने नऊ बुधवार करतात. बांद्र्याच्या जत्रेत लोक माउंट मेरीला मेणाचे हात, पाय, घरं वाहतात, ज्याला जे हवं ते. मला ह्या गोष्टी मनापासून आवडतात. माणूस आपली गरज हातात धरून देवासमोर उभा राहतो, ह्यात लाजण्यासारखं काही नाही. माझी तक्रार आहे ती नंतरच्या हिशेबाबद्दल. "मी नऊ बुधवार केले आणि काम झालं" असं सांगणारा माणूस आपल्याला भेटतो. ज्याचं काम झालं नाही तो गप्प बसतो. आपल्या क्षेत्रात ह्याला सर्वायव्हरशिप बायस म्हणतात. परत आलेली विमानं तेवढी मोजायची आणि पडलेली विसरायची! ह्या मोजणीतून मग एक भयंकर निष्कर्ष निघतो, की ज्याचं काम झालं नाही त्याचा विश्वास कमी पडला. आधीच खचलेल्या माणसाला असं ऐकवणं ही क्रूरता आहे, आणि ती भक्तीच्या भाषेत येते म्हणून जास्त लागते.

आपण ऑफिसात टिकेट टाकतो ना, तशी ही प्रार्थना होते. प्रायॉरिटी वन. उत्तर नाही आलं की एस्कलेट करा, संत बदलून बघा. ह्याला आधार म्हणून लूकच्या शुभवर्तमानातल्या १८ व्या अध्यायातली विधवा हमखास पुढे केली जाते. एक न्यायाधीश असतो, देवाला न भिणारा आणि माणसांना न जुमानणारा. एक विधवा त्याच्या दारी खेटे घालते, शेवटी तो वैतागून तिला न्याय देतो. पण येशू देव त्या न्यायाधीशासारखा आहे असं म्हणतच नाही! त्याचा मुद्दा नेमका उलटा आहे. असला नालायक माणूससुद्धा ऐकतो, तर देव किती जास्त ऐकेल? खेटे घालायचे ते समोरचा बहिरा आहे म्हणून नव्हेत. विधवेकडे पैसा नव्हता, वशिला नव्हता. न्याय मिळाला पाहिजे ही खात्री तेवढी होती, आणि खेटे घातल्यामुळे ती तिने हातची जाऊ दिली नाही. येशू ही गोष्ट संपवतो तीसुद्धा एका प्रश्नाने: मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास सापडेल का? म्हणजे त्याला काळजी आहे ती आपण मध्येच सोडून जाऊ ह्याची.

आता दुसरा गट, "देवाची इच्छा" वाला. हा मला जास्त अवघड वाटतो, कारण तो समंजस दिसतो. पण "देवाची इच्छा" हे शब्द सगळ्यात जड होऊन आले ते गेथशेमाने बागेत, आणि तिथे ते कसे आले हे नीट बघा. येशू आधी मागतो. स्पष्ट मागतो, की हा प्याला टळू दे. मगच म्हणतो की माझ्या मनासारखं नको, तुझ्या मनासारखं होऊ दे. बरं, एकदा असं म्हणून झाल्यावर विषय संपायला हवा होता ना? तो पुन्हा जातो. मत्तय सांगतो की तो तीन वेळा गेला, आणि तिसऱ्या वेळी तेच शब्द बोलला. शरण गेल्यानंतरही तो मागत होता. ह्यात विसंगती आहे असं ना मत्तयला वाटलं, ना आणखी कुणाला.

म्हणून मला वाटतं, न मागता "देवाची इच्छा" म्हणणं ही शरणागती नसते. बऱ्याचदा तो थकवा असतो, किंवा पुन्हा निराश व्हायला नको म्हणून केलेली तजवीज. ज्याने काही मागितलंच नाही त्याच्याकडे सोडून द्यायला असतं काय? आणि कुरकुर केली तर देवाला राग येतो, ही आणखी एक समजूत. ईयोबाचं पुस्तक शेवटपर्यंत वाचा. अध्यायच्या अध्याय ईयोब देवाशी भांडतो आणि त्याचे मित्र देवाची बाजू मांडतात. शेवटी देव रागावतो तो मित्रांवर, आणि ईयोबच माझ्याविषयी नीट बोलला असं सांगतो. ह्या मित्रांची सगळ्यात चांगली कामगिरी म्हणजे सुरुवातीचे सात दिवस. तेव्हा ते काही न बोलता त्याच्यासोबत नुसते जमिनीवर बसले होते.

मग उत्तराचं काय? मला दोन बायका आठवतात.

पहिली मोनिका, संत ऑगस्टिनची आई. मुलगा श्रद्धेत यावा म्हणून तिने वर्षानुवर्षं रडून प्रार्थना केली. ३८३ च्या सुमारास हे चिरंजीव कार्थेजहून रोमला निघाले. त्याने जाऊ नये म्हणून ती बंदराजवळच्या प्रार्थनास्थळी रात्रभर देवाला विनवत होती, आणि इकडे हा तिला थाप मारून जहाजात बसून गेला. त्या रात्रीची प्रार्थना साफ फुकट गेली. पण रोमहून तो मिलानला गेला, तिथे त्याला बिशप अँब्रोज भेटले आणि ३८७ च्या ईस्टरला त्याने बाप्तिस्मा घेतला. पुढे त्याने 'कन्फेशन्स'मध्ये लिहिलं की देवाने आईचं त्या रात्रीचं मागणं नाकारलं, ते तिचं नेहमीचं मागणं देण्यासाठी. छान गोष्ट आहे. हिशेब जुळतो.

दुसऱ्या आपल्या पंडिता रमाबाई. १८७४ मध्ये, दुष्काळात, आईवडील आणि बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये नवरा, लग्नाला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. वैद्यकीय शिक्षण घ्यायचं होतं, ते ऐकू कमी येत असल्यामुळे जमलं नाही. नंतर केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळातल्या आणि टाकून दिलेल्या शेकडो मुलीबायकांना तिथे आसरा दिला. एकुलती एक मुलगी मनोरमा आईचं काम पुढे नेईल अशी आशा होती, ती १९२१ च्या जुलैमध्ये वारली. त्यानंतर रमाबाई जेमतेम आठ-नऊ महिने जगल्या. ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून हाती घेतलेलं बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्या महिन्यांतही त्यांनी सोडलं नाही. इथे हिशेब जुळवायला मी जाणार नाही. आईच्या डोळ्यांदेखत मुलगी का गेली, ह्याला ऑगस्टिनसारखं नीटनेटकं स्पष्टीकरण मला माहीत नाही, आणि कुणी दिलं तर मी त्याच्याकडे संशयाने बघेन. तरीही मोनिकाची श्रद्धा खरी आणि रमाबाईंची वाया गेली, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. इब्री लोकांस पत्रात एक चकित करणारी गोष्ट आहे. येशूने मोठ्याने आक्रोश करत, रडत प्रार्थना केली आणि ती ऐकली गेली, असं तिथे लिहिलंय. ऐकली गेली? तो तर क्रूसावर मेला! म्हणजे 'ऐकणं' ह्या शब्दाचा अर्थ 'मागितलेलं मिळणं' एवढाच धरून चालणार नाही.

माझ्यापुरता सगळ्यात अवघड मुद्दा वेगळाच आहे. पप्पांना किडनी मिळू दे, अशी प्रार्थना आम्ही रोज संध्याकाळी जपमाळेच्या शेवटी करतो. पण ही किडनी येणार कुठून? प्रतीक्षायादीतल्या माणसाला ती मिळते ती ब्रेन-डेड झालेल्या कुणाची तरी, त्याच्या नातेवाइकांनी संमती दिली तर. म्हणजे मी ज्या फोनची वाट बघतोय तो येईल, त्या दिवशी दुसऱ्या एका घरात आकाश कोसळलेलं असेल. ते घरही कदाचित त्याच वेळी प्रार्थना करत असेल, कदाचित माझ्याच देवाची. हे एकदा लक्षात आल्यावर "तुझ्या मनासारखं होऊ दे" हे मला हार मानण्याचं वाक्य वाटत नाही. मला फक्त आमचा वॉर्ड दिसतो आणि देवाला सगळी घरं दिसतात, एवढाच त्याचा अर्थ. मी मागणं थांबवत नाही, कारण पप्पा माझे आहेत आणि त्यांच्यासाठी मी मागायचं नाही तर कुणी? पण ते कसं द्यायचं हे ठरवायला माझी नजर पुरत नाही. त्या वॉर्डात शेजारच्या बेडवर एक सव्वीस वर्षांचा मुलगा असतो. पप्पा हल्ली त्याचं नाव स्वतःच्या आधी घेतात. त्यांनी स्वतःसाठी मागणं सोडलेलं नाही. आज पायात गोळे येऊ नयेत इथपर्यंत ते मागतात. क्रम तेवढा बदललाय.

कुठवर झगडायचं आणि कुठे मान झुकवायची, ह्याचा नियम आहे का? डीट्रिख बोनहोफर ह्या जर्मन पाळकाला हिटलरच्या राजवटीने १९४३ मध्ये अटक केली आणि ९ एप्रिल १९४५ ला फाशी दिली. त्याच्या तुरुंगातल्या पत्रांचं पुस्तक त्याच्या मित्राने १९५१ मध्ये काढलं. त्याच्या जर्मन नावाचा अर्थच 'प्रतिकार आणि शरणागती' असा होतो. बोनहोफरचं म्हणणं थोडक्यात असं की ह्या दोहोंमधली रेघ तत्त्व म्हणून आधी आखता येत नाही, पण दोन्ही करावं लागतं आणि दोन्ही निर्धाराने. आमच्या घरात ह्याचा अर्थ साधा आहे. डायलिसिस एकदाही चुकवायचं नाही, यादीतलं नाव चालू ठेवायचं, रिपोर्ट वेळेवर द्यायचे, डॉक्टरांना प्रश्न विचारायचे. औषध घेतलं म्हणजे विश्वास कमी झाला असं नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजारपण असेल, कुणी दोन वर्षं आयव्हीएफच्या चकरा मारत असेल, कुणाची नोकरी गेली असेल आणि ईएमआय चालू असेल. तुम्ही प्रार्थना करत असाल तर माझं सांगणं एवढंच. दर वेळी नवे, सुंदर शब्द शोधू नका. तेच शब्द तिसऱ्यांदा चालतात, ह्याला खुद्द बागेतला दाखला आहे. राग आला तर तोही देवालाच सांगा. एकट्याने करू नका. येशूनेही तिघांना सोबत नेलं होतं आणि माझ्याबरोबर जागे राहा असं सांगितलं होतं. ते झोपले ही गोष्ट वेगळी, पण त्याला सोबत हवी होती.

आणि तुम्ही भेटायला जाणाऱ्यांपैकी असाल, तर पेशंट बरा होणार असं वचन देऊ नका आणि देवाची इच्छा काय आहे हेही सांगू नका. दोन्ही तुम्हाला माहीत नसतं. चार तास डायलिसिस चालतं, त्यातला एखादा तास बाजूला बसा. घरच्यांना तेवढ्यात चहा पिऊन येता येतं.