सात सेकंद काचेकडे बघा

मुंबई-गोवा महामार्गाने नागोठणं मागे टाकून कोलाडकडे निघालं की वाटेत खांब हे गाव लागतं. लोकसभेला हा सगळा पट्टा रायगड मतदारसंघात येतो. एकेका मताची किंमत इथल्या मतदाराला कुणी नव्याने सांगायला नको. 2014 साली अनंत गीते इथून निवडून आले, ते सुनील तटकरे यांच्यापेक्षा अवघी 2,110 मतं जास्त घेऊन. त्याच निवडणुकीत सुनील तटकरे याच नावाचे दुसरे एक अपक्ष उमेदवार होते. त्यांना 9,849 मतं पडली.

ती सगळी चुकून पडली, असं छातीठोकपणे कुणीच म्हणू शकत नाही. पण विजयाच्या फरकाच्या चौपटीहून जास्त मतं नामसाधर्म्य असलेल्या उमेदवाराला जातात, तेव्हा मतदान केंद्रातल्या आडोशामागे मतदाराचं काय होतं, हे बघायलाच हवं.

केंद्रात शिरल्यावर पहिला अधिकारी यादीतलं नाव मोठ्याने वाचतो, पक्षांचे प्रतिनिधी आपापल्या यादीवर खूण करतात. दुसरा डाव्या तर्जनीला शाई लावतो, नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो आणि चिठ्ठी देतो. ती चिठ्ठी घेऊन तिसरा आपल्या यंत्राचं बटण दाबतो, आणि आडोशामागच्या यंत्रावर हिरवा दिवा लागतो. मतदार तिथे एकटा. मागे रांग, बाहेर ऊन. घरून निघताना कुणीतरी नुसतं नाव सांगितलेलं असतं आणि समोर नावांची लांबच लांब ओळ. अपक्षांची नावं पक्षांच्या उमेदवारांनंतर येतात, त्यामुळे सारखी दोन नावं शेजारी असतीलच असं नाही. वरून खाली वाचणाऱ्याच्या ते लक्षात येतं. घाईने बोट टेकवणाऱ्याच्या येत नाही.

चिन्ह पाठ आहे म्हणून निर्धास्त राहावं, तर तेही बदलतं. गीते 2014 मध्ये धनुष्यबाणावर लढले, 2024 मध्ये मशालीवर.

नाव सारखं म्हणून कुणाचा उभं राहण्याचा हक्क काढून घेता येत नाही. तशी बंदी मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये ऐकायला नकार दिला, आणि ते रास्तच झालं. उपाय यंत्रावरच हवा होता, आणि तो आलाही: मे 2015 पासूनच्या निवडणुकांत मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटो छापला जाऊ लागला. पुढे व्हीव्हीपॅटही सगळीकडे आलं. बटण दाबलं की काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते. तिच्यावर अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह असतं. मग ती कापली जाऊन पेटीत पडते.

पण पुष्कळांची नजर त्या काचेकडे जातच नाही. ‘पीं’ असा आवाज आला की माणूस वळतो. ‘चला, झालं, पुढचे या’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की रांग पुढे सरकवण्यापेक्षा मत योग्य माणसाला पडणं मोठं आहे. मत देण्याआधी समजून घ्यायला केंद्राध्यक्षांकडे यंत्राचा पुठ्ठ्याचा नमुना असतो. दृष्टिहीन किंवा शारीरिकदृष्ट्या असमर्थ मतदाराला 18 वर्षांवरचा सोबती नेण्याची परवानगी आहे. दोन्ही गोष्टी हक्काच्या आहेत, मागायला संकोच नको.

तेव्हा पुढच्या निवडणुकीला केंद्रात गेलात की फोटो बघा, चिन्ह बघा, नाव शेवटपर्यंत वाचा. बटण दाबल्यावर चिठ्ठी पेटीत पडेपर्यंत जागचे हलू नका. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे आदल्या रात्रीच समजावून सांगा.