लष्करी जनरेटरचा ब्रेकर मागवण्याआधी थांबा

टेक्सस, फ्लोरिडा आणि कॅरोलायनामध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही कळकळीची विनंती आहे. अमेरिकन लष्कराने लिलावात काढलेला जुना डिझेल जनरेटर तुमच्याकडे असेल, त्याचा ब्रेकर टिकत नसेल आणि तुम्ही नवा मागवायच्या बेतात असाल, तर ऑर्डर तूर्त थांबवा. कुणी तो ब्रेकर काढून वायर डायरेक्ट जोडून ठेवली असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत जनरेटर सुरूच करू नका.

जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळात ह्यूस्टन परिसरातल्या २० लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. तसल्या उकाड्यात दिवस काढल्यावर दणकट लष्करी जनरेटर स्वस्तात मिळत असेल तर माणूस घेणारच, आणि घ्यायला माझी हरकत नाही. भीती वाटते ती घाईत बदललेल्या ब्रेकरची. जुन्या ब्रेकरवर ५० लिहिलंय, म्हणून दुकानातून ५० ॲम्पिअरचा आणून बसवला, हे मी पुन्हा पुन्हा ऐकतो. पण तो ५० चा ब्रेकर मुळातला होता, की आधीच्या मालकाने हाताला लागला तो बसवला होता, हे कोण सांगणार?

एमईपी-८०३ए हा लोकप्रिय संच घ्या. १० किलोवॉट, पॉवर फॅक्टर ०.८, म्हणजे १२.५ केव्हीए. आतला निवडीचा स्विच १२० व्होल्ट सिंगल फेजवर असेल तर पूर्ण भाराला सुमारे १०४ ॲम्पिअर, १२०/२४० वर ५२ आणि १२०/२०८ थ्री फेजवर जेमतेम ३५. जनरेटर तोच, आकडे तीन! त्यामुळे किलोवॉटला व्होल्टने भागून ब्रेकर निवडता येत नाही. शिवाय या मॉडेलमध्ये मुख्य ब्रेकर म्हणून लोक ज्याकडे बोट दाखवतात, तो पॅनेलवरचा खटका ब्रेकर नाहीच. त्या खटक्याने आतला मोठा काँटॅक्टर चालतो आणि जादा भार ओळखायचं काम वेगळा रिले करतो. खटका वर केल्यावर वीज टिकत नसेल, तर आधी बिघाड दाखवणारे दिवे बघा. ब्रेकर शोधत बाजार पालथा घालण्यात अर्थ नाही.

जुन्या एमईपी-००२ए आणि ००३ए संचांत मात्र खरा ब्रेकर असतो, आणि तिथे चूक महागात पडते. ॲम्पिअर जुळले तरी पोल किती, व्होल्टेज किती, एसी की डीसी, ६० हर्ट्झ की ४००, किती भाराला किती सेकंदांत पडणार आणि शॉर्ट सर्किटचा किती प्रवाह तो तोडू शकतो, हे सगळं जुळायला हवं. लष्करी यंत्रांत अनेकदा चुंबकीय ब्रेकर असतात. त्यांची कॉइल ठरावीक फ्रिक्वेन्सीसाठी बनवलेली असते. २४ व्होल्टच्या कंट्रोल सर्किटला तर घरातला एसी ब्रेकर मुळीच लावू नका. एसीचा प्रवाह दर आवर्तनात शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. डीसीत तसं होत नाही, ठिणगी ताणली जाते आणि ब्रेकर आतून जळू शकतो. ब्रेकरला जाड तारांखेरीज बारीक तारा जोडलेल्या दिसल्या, तर बिघाड झाल्यावर त्याला बाहेरून पाडणारी कॉइल किंवा सहायक संपर्क त्यात असण्याची शक्यता आहे. साधा ब्रेकर बसवून त्या तारा टेप लावून सोडून दिल्या, की ते संरक्षण गेलं आणि कुणाला कळलंही नाही.

मग योग्य ब्रेकर ओळखायचा कसा? सुरुवात जनरेटरच्या प्लेटपासून करा, ब्रेकरपासून नको. प्लेटवरचं पूर्ण मॉडेल आणि फ्रिक्वेन्सी वाचा: ८०३ए ६० हर्ट्झचा, तर दिसायला तसाच असलेला ८१३ए ४०० हर्ट्झचा, आणि तो घरासाठी निरुपयोगी. त्या मॉडेलच्या लष्करी पुस्तिकेत सुट्या भागांची आकृती असते. तिथला भाग क्रमांक घ्या, मग त्याचा १३ अंकी राष्ट्रीय साठा क्रमांक शोधा. ब्रेकरचा असेल तर तो ५९२५ ने सुरू होतो. पहिले चार अंक ६११५ असतील तर तुम्ही अख्ख्या जनरेटरचा क्रमांक उचलला आहे. विक्रेता ‘सेम टू सेम’ म्हणाला, तर त्याच्याकडून डेटाशीट मागा. देत नसेल तर घेऊ नका.

हात घालण्याआधी इंजिन बंद, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढलेली आणि घराशी असलेली जोडणी सोडवलेली हवी. प्रत्येक तारेला चिठ्ठी लावा, फोटो काढा. जनरेटर घराला ट्रान्सफर स्विचशिवाय जोडलेला असेल, तर ते आधी दुरुस्त करा. उलटी गेलेली वीज खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव घेऊ शकते.

अटलांटिक वादळांचा हंगाम १ जूनला सुरू होतो. त्याआधी, शक्यतो याच शनिवार-रविवारी, प्लेटचा आणि जुन्या ब्रेकरच्या चारही बाजूंचा फोटो काढून तुमच्या मंडळातल्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरला दाखवा. आणि ज्यांच्याकडे या संचांच्या पुस्तिका आहेत त्यांनी त्या कृपया मंडळाच्या ग्रुपवर आजच टाका. नवा ब्रेकर बसल्यावर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून भार देऊन तपासून घ्या, मगच घराची वीज त्यावर घ्या.