शहराच्या ताटातली आपली भाकरी



गेल्या हिवाळ्यात कामानिमित्त छत्रपती संभाजीनगरला गेलो होतो. सिडको भागात एका गल्लीत जेवायला शिरलो. भिंतीला गेरू, वर कंदील, दाराशी जाते. जाते दळायला नव्हे, दाखवायला ठेवलेले. पाटावर बसवून चुलीवरची ज्वारीची भाकरी, पिठले, ठेचा, कांदा वाढला. शेजारी बसलेले वडील मुलाला सांगत होते, "हे बघ, खरे गावाकडचे जेवण." भाकरी पंचवीस रुपयांना एक.

उठताना मालकांना विचारले, ज्वारी कुठली? म्हणाले, "मोंढ्यातून पोते येते, साहेब. गाव कोण विचारतो?"

परतताना एसटीत हिशेब मांडला. किलोभर पिठाच्या निदान दहा भाकरी होतात. म्हणजे किलोचे अडीचशे रुपये झाले. त्यातून जागेचे भाडे, सरपण, वाढपी, भाकरी थापणाऱ्या बायांची मजुरी जाते. सगळे मालकाच्या खिशात पडते असे नाही. तरीही मोंढ्यात आपल्या हाती येणारा भाव या रकमेशेजारी ठेवून पाहा.

इथे एक कबुली दिली पाहिजे. पूर्वी गावोगावच्या सभांत मीच सांगत होतो, ज्वारी कमी करा, सोयाबीन-कपाशीकडे वळा. घरात रोख पैसा हवा होता, म्हणून सल्ला अगदीच चुकीचा नव्हता. पण ज्वारीबरोबर दावणीचा कडबाही जाईल आणि घरचे बी मोडेल, हे मी तेव्हा सांगितले नाही. आपल्या जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मोसंबीला ते आधीच मिळाले होते. मान मिळाला, पण पोत्यावर गावाचे नावच नसेल तर त्याचा उपयोग काय?

सगळे रान बदला असे मी म्हणणार नाही. रब्बीत अर्ध्या एकरावर करून पाहा. धान्य निवडून, वाळवून, पोत्यावर गाव, वाण आणि साल लिहा. चार घरे किंवा बचत गट मिळून एखाद्या खानावळीशी पेरणीपूर्वीच बोला. दर आणि पैसे देण्याचा वार कागदावर ठरवा. उधारीवर माल टाकू नका.

हुरड्याला शहरात मागणी असते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी वसंत' हा खास हुरड्याचा वाण काढला आहे; खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात बियाण्याची चौकशी करा. दाणा हिरवा, मऊ, नुकताच भरलेला असतानाच कणसे तोडा. दिवस उलटला की गोडी जाते, म्हणून गिऱ्हाईक आधी, तोडणी नंतर. सगळे रान एकदम पेरू नका. आठ-आठ दिवसांच्या अंतराने तुकडे पाडा. हुरड्याच्या रानात कणसे लागल्यावर कीटकनाशक फवारू नका. आणि कापलेल्या ताटांना खालून कोवळे फुटवे येतात, त्यात जनावर सोडू नका. किराळ लागून उभे जनावर दगावते.

शेवटी एक. पीठ किंवा भाकरी विकायची ठरली, तर दर मोंढ्याला विचारून ठरवू नका, घरातल्या बाईला विचारा. पहाटेपासून चुलीपुढे तीच बसणार आहे. तिच्या मजुरीचा आकडा आधी मांडा, बाकीचा हिशेब त्याच्या खाली.