पूर्ण संहितेचा आग्रह आणि एक अपुरे ध्वनिमुद्रण

संहिता संपूर्ण हाती आली की कलाकृती हाती आली, हे गृहीतक साहित्यसमीक्षेत आता कोणी उघडपणे मांडत नाही. संगीत-नाट्याच्या समीक्षेत मात्र ते आजही निर्वेधपणे वावरताना दिसते. गाएतानो दोनित्सेत्तीच्या ‘आन्ना बोलेना’ या ऑपेराचे १४ एप्रिल १९५७ रोजी मिलानच्या ला स्काला रंगमंदिरात जे ध्वनिमुद्रण झाले, त्याच्या मूल्यमापनात हे गृहीतक विशेष ठळकपणे प्रकट होते. हे ध्वनिमुद्रण काटछाट केलेले आहे आणि त्यानंतर अधिक पूर्ण ध्वनिमुद्रणे उपलब्ध झाली आहेत. सबब त्याचे महत्त्व ऐतिहासिक दस्तऐवजापुरते उरते, असा हा युक्तिवाद आहे. यातील पहिली दोन विधाने निर्विवाद आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र तपासून पाहावा लागतो.

प्रथम वस्तुस्थिती. फेलिचे रोमानीच्या काव्यसंहितेवर रचलेला हा ऑपेरा २६ डिसेंबर १८३० रोजी मिलानच्या कार्कानो रंगमंदिरात प्रथम सादर झाला. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री, १५३६ साली देहान्त शासन भोगणारी त्याची राणी ॲन बोलिन आणि तिची जागा घेणारी जेन सेमूर हा त्याचा विषय. नायिकेची भूमिका जुदित्ता पास्ता हिने, तर राणीच्या पूर्वीच्या प्रियकराची, पर्सीची, रुबिनी या टेनर गायकाने केली होती. दोनित्सेत्तीला व्यापक कीर्ती मिळवून देणारी हीच कृती. परंतु विसाव्या शतकापर्यंत ती रंगभूमीवरून जवळजवळ नाहीशी झाली. ‘लुचिया’ आणि दोन-तीन सुखात्मिका एवढ्यावरच दोनित्सेत्तीचे नाव टिकून होते. १९५६ साली त्याच्या जन्मगावी, बेर्गामोत, ती पुन्हा सादर झाली आणि पुढच्याच वर्षी ला स्कालाने ती रंगमंचावर आणली. दिग्दर्शन लुकीनो व्हिस्काँतीचे, वाद्यवृंदाचे संचालन जानान्द्रेआ गाव्हाद्झेनीचे. आन्ना मारिया कालास, जोव्हान्ना सेमूर जुलिएत्ता सिमिओनातो, राजा निकोला रोस्सी-लेमेनी आणि पर्सी जान्नी राइमोंदी. या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण प्रथम अनधिकृत ध्वनिमुद्रिकांतून फिरत राहिले आणि १९९०च्या दशकात ईएमआयने ते अधिकृतपणे प्रसिद्ध केले.

पूर्णतावाद्यांचा आक्षेप हलका नाही. या काळातील इटालियन एकलगीताचा रूपबंध निश्चित असतो: आधी संथ लयीचा भाग, मग परिस्थितीला कलाटणी देणारा दुवा आणि शेवटी ‘काबालेत्ता’ हा द्रुत भाग. काबालेत्ता दोनदा गायिली जाते, आणि दुसऱ्या वेळी गायकाने स्वतःच्या अलंकरणाने तिला नवे रूप द्यावे असा संकेत आहे. ही पुनरावृत्ती गाळणे म्हणजे फाजील भाग छाटणे नव्हे. गायकाच्या सर्जनासाठी रचनाकाराने मुद्दाम राखलेली जागाच तेथे बुजवली जाते. १९५७च्या प्रयोगात अशा पुनरावृत्त्या गाळल्या आहेत, दृश्ये आखूड केली आहेत, टेनरच्या भूमिकेलाही कात्री लागली आहे. रुबिनीच्या गळ्यासाठी लिहिलेला पर्सी येथे दुय्यम ठरतो आणि त्यामुळे नाट्याचा तोल राणीकडे झुकतो. कालासचे भक्त हा दोष मान्यच करीत नाहीत. गायिका थोर म्हणून तिच्याभोवतीची प्रत्येक काटछाट समर्थनीय, ही त्यांची भूमिका म्हणजे आस्वादाच्या जागी आणलेली उपासना होय.

तथापि ही काटछाट अज्ञानातून झालेली नव्हती. गाव्हाद्झेनी स्वतः बेर्गामोचा, आणि दोनित्सेत्तीवर ग्रंथ लिहिणारा अभ्यासक. त्याची कात्री ही एका वाचकाची कात्री आहे. ही कृती राजदरबारातील प्रेमकथा म्हणून न वाचता सत्तेने कोंडीत पकडलेल्या एका स्त्रीची शोकात्मिका म्हणून वाचावी, असा अन्वयार्थ तिच्यामागे असल्याचे ध्वनिमुद्रण ऐकताना प्रतीत होते. हा अन्वयार्थ एकांगी आहे, असे अवश्य म्हणावे. पण तो अन्वयार्थच नाही, केवळ उणेपणा आहे, असे म्हणणे म्हणजे वाचन आणि मोजणी यांतील भेद विसरणे होय.

या वाचनातून काय हाती येते, हे दोन स्थळी पाहता येईल. पहिल्या अंकाच्या अखेरीस राजा आन्नावर आरोप ठेवतो आणि तिने आपली बाजू न्यायाधीशांपुढे मांडावी असे बजावतो. ‘न्यायाधीश’ हा शब्द आन्ना उच्चारते तेव्हा कालासच्या स्वरात आधी अविश्वास आहे, मग अपमान, आणि लगेच राणीपणाचा ताठा. संहितेत तेथे मोजके शब्द आहेत. त्या शब्दांतून एका व्यक्तीची सामाजिक स्थिती ढासळताना ऐकू येते. दुसरे स्थळ अंतिम दृश्याचे. मृत्यूच्या छायेत भ्रमिष्ट झालेली आन्ना आपल्या बालपणीच्या घराची आठवण काढते. ओबोच्या कुळातील, खालच्या पट्टीचे कोर आंग्ले हे वाद्य तिची सोबत करते. येथे कालास आवाज जवळजवळ विझू देते. पुढे राजाच्या नव्या विवाहाच्या तोफा आणि घंटा ऐकू येताच ती भानावर येते आणि अंतिम काबालेत्तेचा तीव्र स्वर लागतो. शुद्ध आणि भ्रम यांतील अंतर येथे सुरावटीपेक्षाही आवाजाच्या पोताने व्यक्त होते. स्वरलेखात हा पोत लिहून ठेवता येत नाही. छापील पद आणि रंगमंचावर गायिले गेलेले पद यांतील अंतर ज्यांना संगीत नाटकांमुळे परिचित आहे, त्या मराठी अभ्यासकांना हे वेगळे सांगावयास नको.

पुढच्या काळातील ध्वनिमुद्रणांनी संहितेची भरपाई केली, हे खरेच. १९६०च्या दशकाच्या अखेरीस एलेना सुल्योटिसचे, नंतर बेव्हर्ली सिल्सचे आणि त्यानंतर जोन सदरलंडचे ध्वनिमुद्रण आले. त्यांतून १९५७ साली न ऐकू आलेले संगीत ऐकावयास मिळते आणि पर्सीला त्याची भूमिका परत मिळते. अभ्यासकाने ती ऐकलीच पाहिजेत. परंतु ती ध्वनिमुद्रणे मुळात का झाली, हा प्रश्न पूर्णतावादी समीक्षा विचारीत नाही. १९५७ पूर्वी या कृतीच्या पूर्ण पाठाची मागणी करणारा श्रोतृवर्ग अस्तित्वात नव्हता. ही कृती गंभीरपणे ऐकण्याजोगी आहे, याची खात्री ज्या प्रयोगाने प्रामुख्याने पटवली, तो हाच अपुरा प्रयोग होय. ‘रोबेर्तो देव्हेरू’ १९६४ साली नेपल्समध्ये आणि ‘मारिया स्तुआर्दा’ १९६७ साली फ्लॉरेन्समध्ये लेला गेंचेरने गायिले. दोनित्सेत्तीच्या या पुनरुज्जीवनाची वाट ला स्कालाच्या त्या प्रयोगाने मोकळी केली होती. तात्पर्य, ज्या निकषाने या ध्वनिमुद्रणाला आज उणे ठरविले जाते, तो निकष या ध्वनिमुद्रणाच्याच प्रभावातून जन्मला आहे. या ऋणाची नोंद न करणारी समीक्षा इतिहासनिष्ठ असल्याचा दावा करू शकत नाही.

शिवाय ‘पूर्ण संहिता’ ही कल्पनाही वाटते तेवढी स्थिर नाही. पहिल्या प्रयोगानंतर खुद्द दोनित्सेत्तीनेच या ऑपेराचे काही भाग बदलले. गायक, रंगमंदिर आणि प्रेक्षक यांनुसार संहिता बदलणे हा त्या काळच्या इटालियन रंगभूमीचा रूढ व्यवहार होता. चिकित्सक आवृत्ती हे पर्याय व्यवस्थित मांडते आणि ते काम अत्यंत मोलाचे आहे. मात्र पर्यायांतून निवड करण्याची जबाबदारी ती प्रयोगकर्त्यावरून उचलीत नाही, आणि निवडीचे मूल्य ठरविण्याची समीक्षकावरूनही नाही.

म्हणून अशा ध्वनिमुद्रणाच्या आस्वादाची रीत दुहेरी असावी लागते. काय गाळले आणि त्यामुळे कृतीचा तोल कोठे बिघडला, हे स्वरलेख समोर ठेवून निःसंकोचपणे सांगितले पाहिजे. आणि जे ठेवले त्यातून कोणता अर्थ प्रथमच ऐकू आला, हेही तितक्याच काटेकोरपणे दाखविले पाहिजे. पहिले काम भक्तांना नको असते आणि दुसरे पूर्णतावाद्यांना. दोघेही ऐकण्याचे कष्ट टाळतात: एकांना आधीच श्रद्धा असते, दुसऱ्यांना आधीच यादी असते. कालासने हा ऑपेरा स्टुडिओत संपूर्ण कधीच ध्वनिमुद्रित केला नाही; १९५८ साली केवळ अंतिम दृश्य केले. तेव्हा संपूर्ण भूमिकेचा तिने लावलेला अर्थ जाणून घ्यावयाचा तर रंगमंदिरातील पावलांचे आवाज आणि टाळ्या यांसह उरलेले हे अपुरे ध्वनिमुद्रणच ऐकावे लागते. त्यातील उणिवा मोजण्याचा अधिकार प्रत्येक अभ्यासकाला आहे. तो बजावण्यापूर्वी त्याने ते अखेरपर्यंत ऐकलेले असावे, एवढीच अपेक्षा.