ना अनाथ, ना यतीम

घरापासून तुटलेल्या मुलांचे परीक्षा ते प्रवेश हे महिने कोण सांभाळणार?

अलीकडच्या वर्षांत रमजान आणि बोर्डाच्या परीक्षा एकाच वेळी येत आहेत. सहेरीला उठायचे, उजळणी करायची, रोज्यातच पेपर देऊन यायचे आणि मगरिबला घरच्यांबरोबर इफ्तारला बसायचे, असा अनेक मोहल्ल्यांतील मुलामुलींचा दिनक्रम असतो. याच महिन्यात जकात, फित्रा आणि सदका यांचे वाटपही होते. म्हणजे दान देणारे हात आणि शिकू पाहणारी मुले एकाच महिन्यात समोरासमोर येतात. तरीही या परीक्षार्थींमध्ये एक गट असा आहे, की त्याच्यापर्यंत समाजाचे दान पोहोचत नाही आणि सरकारची योजनाही पोहोचत नाही.

ही मुले अनाथ नाहीत. त्यांचे आई-वडील, निदान वडील, हयात आहेत. पण घराशी नाते तुटले आहे. कुठे वडिलांनी दुसरा संसार थाटला, कुठे दारू आणि मारहाण, कुठे मुलीने ठरलेल्या लग्नाला नकार दिला, तर कुठे मुलाने ‘शिकायचे आहे, कामाला लागणार नाही’ असे सांगितले. मग ते मूल आजीकडे, मावशीकडे, मित्राच्या घरी किंवा एखाद्या शिक्षकाच्या ओळखीने कुठेतरी राहते आणि परीक्षा देते. असे घर कोणत्या एका धर्माचे किंवा जातीचे नसते.

मधले महिने

या मुलांची खरी अडचण परीक्षा संपल्यावर सुरू होते. २०२५ मध्ये बारावीचा निकाल ५ मे रोजी आणि दहावीचा १३ मे रोजी लागला. त्या वर्षी अकरावीचे प्रवेश प्रथमच राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने झाले आणि वर्ग भरायला ऑगस्ट उजाडला. परीक्षा मार्चमध्ये संपली असे धरले, तर मधले जवळपास पाच महिने विद्यार्थी ना शाळेचा असतो, ना कॉलेजचा.

घर असलेल्या मुलासाठी ही सुट्टी असते. घरात जेवण मिळते, अर्जाचे पैसे वडील भरतात, प्रवासाला काका गाडी काढतात. घर नसलेल्या मुलाला याच काळात सगळ्यात जास्त रोख पैसे लागतात. प्रवेश परीक्षेचे शुल्क, अर्जाचे शुल्क, झेरॉक्स, दुसऱ्या गावी जाण्याचे भाडे, खोलीची अनामत रक्कम आणि रोजचे जेवण. शिष्यवृत्ती मिळालीच तर ती प्रवेश झाल्यानंतर, तीही बऱ्याचदा काही महिन्यांनी खात्यात येते. खर्च मात्र आधी करावा लागतो. म्हणून हे मूल हॉटेलात, गॅरेजमध्ये किंवा कपड्याच्या दुकानात ‘तात्पुरते’ कामाला लागते. हातात पगार येऊ लागला, की प्रवेशाची यादी कधी लागली आणि कधी संपली हे कळतही नाही.

कायद्याच्या दोन फटी

कायद्याने या मुलांना अगदीच वाऱ्यावर सोडलेले नाही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ मधील ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल’ ही व्याख्या बरीच व्यापक आहे. आई-वडील सांभाळण्यास असमर्थ आहेत, मुलाला टाकून दिले आहे, त्याच्यावर अत्याचार होतो किंवा कायद्याने ठरलेल्या वयाआधी लग्न लावले जाण्याचा धोका आहे, अशी सगळी मुले तिच्यात बसतात. प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समिती आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून दरमहा ४,००० रुपयांचे प्रायोजकत्व मिळू शकते. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि शहरी भागात ९६,००० रुपयांच्या आत असावे लागते.

पहिली फट इथेच आहे. ही मदत अठराव्या वर्षापर्यंतच्या मुलांसाठी आहे. सहाव्या वर्षी पहिलीत गेलेले मूल बारावीच्या परीक्षेला बसते तेव्हा सतरा-अठरा वर्षांचे असते. म्हणजे परीक्षा आणि प्रवेश यांच्या मधल्या महिन्यांतच त्याचा अठरावा वाढदिवस येतो आणि मदतीची गरज सर्वांत जास्त असताना दार बंद होते.

अठरानंतर काय, याचे उत्तर त्याच कायद्याच्या कलम ४६ मध्ये आहे. बालगृहातून बाहेर पडणाऱ्या तरुणाला पुढे उभे राहण्यासाठी आर्थिक मदत दिली जाऊ शकते. नियमांनुसार हे अनुरक्षण वयाच्या २१ वर्षांपर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षे चालते. पण त्यासाठी आधी संस्थेत असायला हवे. साडेसतराव्या वर्षी घर सोडून मावशीकडे राहिलेली मुलगी कधी बालगृहात गेलीच नाही, त्यामुळे ती ‘बाहेर पडणारी’ ठरत नाही. तिने संस्थेऐवजी नातलगांचा आधार घेतला, जे कोणत्याही मुलासाठी चांगलेच. पण कागदावर तोच तिचा तोटा ठरतो.

दुसरी फट उत्पन्नाच्या दाखल्याची. महाडीबीटीवरील बहुतेक शिष्यवृत्त्यांना कुटुंबाच्या उत्पन्नाचा दाखला लागतो. व्यावसायिक अभ्यासक्रमांतील मुलींना २०२४ पासून मिळणाऱ्या संपूर्ण शुल्कमाफीलाही कुटुंबाच्या ८ लाख रुपयांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे. ज्या वडिलांशी दोन वर्षे बोलणे नाही, त्यांच्या उत्पन्नाचा पुरावा मुलीने कुठून आणायचा? हमीपत्रावर सही त्यांचीच हवी आणि आधारला जोडलेला मोबाइलही अनेकदा त्यांचाच असतो. ‘ओटीपी’ वडिलांच्या फोनवर जातो आणि अर्ज तिथेच थांबतो. राज्याने २०१८ मध्ये अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षण दिले, ते पाऊल मोलाचेच. पण आई-वडील हयात असलेल्या या मुलांना त्याचाही उपयोग नाही.

हा प्रश्न सुटू शकत नाही असे नाही. ब्रिटनमध्ये उच्चशिक्षणाच्या सरकारी कर्ज योजनेत ‘आई-वडिलांपासून दुरावलेला विद्यार्थी’ असा स्वतंत्र वर्ग आहे. अशा विद्यार्थ्याच्या पालकांचे उत्पन्न मोजले जात नाही. त्यासाठी शिक्षक, डॉक्टर किंवा समाजसेवक अशा परिस्थिती माहीत असलेल्या जबाबदार व्यक्तीचे लेखी म्हणणे घेतले जाते. शालेय शिक्षण अपुरे असलेल्या आणि पालकांचा आधार नसलेल्या तरुणांना तिथे निर्वाह भत्त्याचीही तरतूद आहे. आपल्याकडे मुख्याध्यापक आणि बाल संरक्षण अधिकारी यांच्या संयुक्त पत्रावर उत्पन्नाच्या दाखल्याची अट शिथिल करता येईल. त्यासाठी नवा कायदा नको, शासन निर्णय पुरे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. अशी सोय केली तर मुले रागाच्या भरात घर सोडतील. आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणून पडताळणी हवीच. पण महिना दोन-चार हजारांसाठी कोणी आईच्या हातचे जेवण सोडत नाही. घर आधी तुटते, पैशांचा प्रश्न नंतर येतो.

वडिलांची जबाबदारी संपत नाही

मूल घराबाहेर पडले म्हणून वडील मोकळे होत नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ नुसार (पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५) ऐपत असलेल्या व्यक्तीला अल्पवयीन मुलांचा निर्वाह खर्च द्यावा लागतो. हे कलम सर्व धर्मीयांना लागू आहे. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नूर सबा खातून खटल्यात मुस्लिम वडिलांवरही ही जबाबदारी असल्याचे स्पष्ट केले. मुलींच्या बाबतीत ती विवाह होईपर्यंत राहते असेही सांगितले. हिंदू कायद्यातही स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीला असा हक्क आहे. मुलगा मात्र अठरा वर्षांचा झाला की, अपंगत्वासारखा अपवाद वगळता, कलम १४४ चा आधार संपतो.

वकिलाच्या फीची चिंता हे दावा न करण्याचे एकमेव कारण असेल, तर ते दूर होऊ शकते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार महिला आणि बालकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचे कार्यालय असते. मात्र सोळा वर्षांच्या मुलाने बापाला कोर्टात उभे करावे, ही अपेक्षा सोपी नाही. दाव्याचा निकाल लागेपर्यंत प्रवेशाची मुदत संपून जाते, हेही खरे.

जकातीचा हिशेब

सरकारी अर्ज जसा ‘अनाथ आहे का?’ असे विचारतो, तसा समाजही ‘यतीम आहे का?’ असे विचारतो. वयात येण्यापूर्वी ज्याचे वडील वारले ते मूल यतीम. रमजानमध्ये त्यांच्यासाठी मोठ्या मनाने दिले जाते आणि ते योग्यच आहे. पण जकातीसाठी यतीम असणे ही अट नाही. कुरआनच्या सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यात गरीब आणि गरजू सर्वांत आधी येतात, कर्जात बुडालेला येतो, घरापासून दूर अडकलेला प्रवासीही येतो. बाप जिवंत असलेला, पण हातात काही नसलेला तरुण यातून वगळला जात नाही.

इथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. वडील आपल्या मुलाला जकात देऊ शकत नाहीत, कारण मुलाचा खर्च हे त्यांचे कर्तव्यच आहे. त्याला दान म्हणता येत नाही. पण मामू, चाचा, खाला, फुफी किंवा मोठा भाऊ गरजू भाच्या-पुतण्याला, भावंडाला जकात देऊ शकतात. घेणाऱ्याला ‘ही जकात आहे’ असे सांगण्याचीही गरज नसते. शिकणाऱ्या मुलाचा स्वाभिमान राखायला ही मुभा फार उपयोगी आहे.

अडचण उरते ती वेळेची. पैसा रमजानमध्ये वाटून संपतो आणि फीची पावती जून-जुलैमध्ये फाडावी लागते. यावरही वाट आहे. बहुतेक उलमांच्या मते पुढील वर्षाची जकात आगाऊ देता येते. जूनमध्ये एखाद्याची फी भरायची आणि पुढच्या रमजानमध्ये हिशेबात धरायची, असे दहा घरांनी ठरवले तरी एका मोहल्ल्यातील अशी मुले सावरतील. सदक्याला तर धर्माचे बंधनही नाही. तो शेजारच्या गल्लीतील कोणत्याही मुलासाठी देता येतो.

नाती जोडणे ही रमजानची शिकवण आहेच. शक्य तिथे वडीलधाऱ्यांनी मध्ये पडून मुलगा-बाप यांना एकत्र आणावे. पण ‘आधी घरी जा, मग फी भरू’ अशी अट घालू नये. जिथे मारहाण आहे किंवा जबरदस्तीचे लग्न आहे, तिथे अशी अट मुलीला त्याच संकटात परत ढकलते.

आपल्याच मातीतली वाट

घराबाहेरच्या विद्यार्थ्याला गावाने सांभाळणे महाराष्ट्राला नवे नाही. वार लावून, आठवड्याच्या प्रत्येक दिवशी वेगळ्या घरी जेवून शिकलेल्यांची मोठी पिढी इथे होऊन गेली. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात विविध समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली. मुस्लिम विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी १९०६ मध्ये संस्था स्थापन केली, तिचे मुस्लिम बोर्डिंग आजही कोल्हापूरकरांना ठाऊक आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या शाहू बोर्डिंगमध्ये सर्व जाती-धर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि काम करून शिकत. तिथे मुलाला शिकायचे आहे का, हे महत्त्वाचे होते.

आज प्रत्येक शहराला वसतिगृह बांधता येणार नाही. पण शाळेला आपल्या दहावी-बारावीच्या वर्गातील कोणता विद्यार्थी घरी राहत नाही, हे माहीत असते. निकालाच्या दिवसापर्यंत न थांबता आताच त्याचे नाव जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे किंवा १०९८ या क्रमांकावर कळवता येते. विद्यार्थी अजून अठराचा झाला नसेल, तर अर्ज त्याआधीच बाल कल्याण समितीसमोर गेला पाहिजे. त्याच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते आणि आधारला स्वतःचा मोबाइल, ही दोन कामे सुट्टी लागण्यापूर्वी झाली तर पुढचे अर्ज अडत नाहीत. मशिदीच्या, मंडळाच्या किंवा माजी विद्यार्थी संघाच्या निधीतून काही रक्कम जून ते ऑगस्टसाठी बाजूला ठेवता येईल. ईदची खरेदी करताना तेवढा एक हिशेब वेगळा मांडला, तर यंदाच्या निकालानंतर काही मुले कामाच्या शोधात न जाता कॉलेजच्या रांगेत उभी राहतील.